चव्वेचाळीस टक्के कशाचे? ॲस्पिरिनच्या चाचण्यांचे एक वाचन

परिकल्पना चाचणी शिकवताना पाठ्यपुस्तके बोल्टचा व्यास किंवा दिव्याचे आयुष्य अशी उदाहरणे देतात. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवताना मी गेली काही वर्षे त्यांच्याऐवजी ॲस्पिरिन घेतो. उदाहरण म्हणून, गोळी म्हणून नव्हे. बोल्टचा व्यास चुकला तर बोल्ट बदलता येतो. ॲस्पिरिनच्या चाचण्यांमध्ये मात्र प्रत्येक आकड्यामागे माणूस असतो, आणि तो आकडा कसा वाचला यावर लाखो घरांतल्या गोळ्यांच्या डब्यांत काय राहील हे ठरते.

याला एक घरगुती कारणही आहे. माझ्या वडिलांनी सत्तरी ओलांडल्यावर, हृदयाचा कोणताही आजार नसताना, रोज ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन सुरू केली. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी कोणीतरी सांगितले होते की त्याने रक्त पातळ राहते आणि झटक्याचा धोका ४४ टक्क्यांनी कमी होतो. मी मूळ निबंध शोधला. आकडा खरा निघाला. तरीही वडिलांना तो लागू नव्हता. हे दोन्ही एकाच वेळी कसे खरे असू शकते, हाच या टिपणाचा विषय आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही. या निबंधांकडे मी संख्याशास्त्राचा शिक्षक म्हणून पाहतो. कोणाची गोळी सुरू करायची किंवा थांबवायची हे रुग्णाला तपासणारा डॉक्टर ठरवतो. विशेषतः ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे, त्यांनी हे टिपण वाचून गोळीला हात लावू नये.

‘पातळ’ म्हणजे काय?

बोलीभाषेत ॲस्पिरिन, वॉरफरिन वगैरे साऱ्यांना ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणतात. द्रवगतिकी शिकलेल्या विद्यार्थ्याला हा शब्द खटकला पाहिजे. पातळपणा म्हणजे श्यानता कमी असणे, आणि या गोळ्यांनी रक्ताची श्यानता कमी होत नाही. कमी होते ती गुठळी होण्याची प्रवृत्ती.

त्यातही दोन कुळे आहेत. ॲस्पिरिन प्लेटलेट या पेशींवर काम करते. त्यांच्यातील एका विकराला ती कायमचे निकामी करते, आणि प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे तिला नवे विकर बनवता येत नाही. म्हणून छोटी मात्रा पुरते आणि परिणाम त्या प्लेटलेटच्या आयुष्यभर, म्हणजे सात ते दहा दिवस राहतो. या कामाचा पाया घालणारा शोध जॉन वेन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या तिघांपैकी ते एक होते. वॉरफरिनचे कुळ वेगळे. ते रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांच्या साखळीत अडथळा आणते. ढोबळमानाने सांगायचे तर वेगाने वाहणाऱ्या रोहिणीतील गुठळीत प्लेटलेटचा वाटा मोठा असतो आणि साचून राहिलेल्या रक्तातील गुठळीत प्रथिनांचा. दोन्ही कुळांची किंमत मात्र एकच: रक्तस्राव. गुठळी रोखणारे औषध नको तेथील गुठळी रोखते तसे हवी तेथीलही रोखते. म्हणून यांच्या कोणत्याही चाचणीत फायद्याचा आकडा एकटा वाचायचा नसतो.

८,००० रुग्ण आणि तरीही पुरावा शून्य

कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथे लॉरेन्स क्रेव्हन नावाचे डॉक्टर होते. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर ॲस्पिरिनयुक्त च्युइंगम चघळणाऱ्यांना जास्त रक्तस्राव होतो, हे त्यांच्या लक्षात आले. त्यावरून ॲस्पिरिन गुठळ्या रोखत असावी असा तर्क त्यांनी केला आणि आपल्या पुरुष रुग्णांना ती द्यायला सुरुवात केली. १९५० च्या दशकात त्यांनी लिहिले की सुमारे ८,००० जणांत एकालाही झटका आला नाही. निरीक्षण तल्लख होते, तर्क बरोबर होता, निष्कर्षही पुढे बराचसा बरोबर ठरला. पण पुरावा म्हणून त्याची किंमत जवळपास शून्य, कारण गोळी न घेणाऱ्यांचा तुलनेचा गटच नव्हता. स्वतः क्रेव्हन १९५७ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानेच गेले. अर्थात एका मृत्यूनेही काही सिद्ध होत नाही. पण वर्गात हे सांगितले की निम्मे विद्यार्थी ‘म्हणजे औषध खोटे’ असे म्हणतात, आणि मग ८,००० वर विश्वास ठेवणे जितके चूक तितकेच एकावर ठेवणे चूक, हे समजावता येते.

पहिली यादृच्छिक वाटणीची चाचणी कार्डिफची. पीटर एलवूड, आर्ची कॉक्रन आणि सहकाऱ्यांनी ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मार्च १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. नुकताच झटका येऊन गेलेले १,२३९ पुरुष त्यात होते. कोणाला ॲस्पिरिन आणि कोणाला प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, हे दैवयोगावर सोडले होते. मृत्यूंमध्ये सहा महिन्यांनी १२ टक्के आणि वर्षाने २५ टक्के घट दिसली. आणि लेखकांनी आपल्या सारांशाच्या पहिल्याच वाक्यात सांगून टाकले की हा निकाल संख्याशास्त्रीयदृष्ट्या अनिर्णायक आहे.

२५ टक्के घट अनिर्णायक कशी? हिशेब करून पाहा. समजा, प्रत्येक गटात ६०० जण आणि प्लासिबो गटात ६० मृत्यू. २५ टक्के घट म्हणजे दुसऱ्या गटात ४५ मृत्यू. फरक १५. या फरकाची प्रमाण त्रुटी द्विपद वितरणावरून काढली तर दहाच्या आसपास येते. फरक प्रमाण त्रुटीच्या जेमतेम दीडपट. गोळीचा काहीच परिणाम नसता तरी एवढा फरक दैवयोगाने दिसू शकतो. लेखकांना हे ठाऊक होते आणि त्यांनी ते लपवले नाही. मला हा निबंध त्यामुळेच आवडतो. नंतर १९८० मध्ये अमेरिकेतील ४,५२४ रुग्णांच्या चाचणीत रोज एक ग्रॅम ॲस्पिरिन दिली गेली आणि मृत्यू ॲस्पिरिन गटात १०.८ टक्के, प्लासिबो गटात ९.७ टक्के निघाले. म्हणजे उलटेच. तेव्हा कोणी ॲस्पिरिनचा विषय मिटवला असता तर त्याला दोष देता आला नसता.

मिथुन, तूळ आणि इतर

विषय मिटला नाही याचे मोठे श्रेय ‘आयसिस-२’ या चाचणीला. ऑक्सफर्डहून चालवलेली ही चाचणी १३ ऑगस्ट १९८८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आली. झटक्याची लक्षणे सुरू होऊन २४ तासांच्या आत रुग्णालयात पोहोचलेले १७,१८७ रुग्ण, ४१७ रुग्णालये. रचना आपल्या प्रयोगरचनेच्या अभ्यासक्रमातील दोन गुणिले दोन घटकीय रचना: एक घटक स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारे औषध, दुसरा घटक महिनाभर रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन. पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणांनी झालेले मृत्यू असे: ॲस्पिरिन गटात ८,५८७ पैकी ८०४, प्लासिबो गटात ८,६०० पैकी १,०१६. फरक सुमारे अडीच टक्क्यांचा, प्रमाण त्रुटी अर्ध्या टक्क्याहून थोडी कमी. फरक त्रुटीच्या पाचपटीहून अधिक. कार्डिफच्या दीडपटीशी तुलना करा. गोळी तीच, परिणामाचा आकारही साधारण तोच. बदलली ती मोजणाऱ्याची नजर.

घटकीय रचनेचे सौंदर्य पाहायचे असेल तर हे करून पाहा. मृत्यूची शक्यता ॲस्पिरिनने २३ टक्के घटली, स्ट्रेप्टोकायनेजने २५ टक्के. दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्रपणे काम करत असतील तर ०.७७ गुणिले ०.७५ म्हणजे ०.५८ शिल्लक राहायला हवे, अर्थात ४२ टक्के घट. दोन्ही औषधे मिळालेल्या गटात ४,२९२ पैकी ३४३ मृत्यू झाले, एकही न मिळालेल्या गटात ४,३०० पैकी ५६८. निबंधात दिलेली घट: ४२ टक्के. वैद्यकात इतका स्वच्छ गुणाकार सहसा पाहायला मिळत नाही.

पण या निबंधातील सर्वांत प्रसिद्ध ओळ वेगळीच आहे. रुग्णांचे वय, लिंग, आधीचे आजार अशा उपगटांनुसार निकाल मांडण्याचा आग्रह संपादकांनी धरला, तेव्हा लेखकांनी राशींचाही उपगट त्यात घालण्याची अट घातली, ही हकीकत संख्याशास्त्राच्या वर्तुळात नेहमी सांगितली जाते. छापलेला निकाल असा: मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांत ॲस्पिरिन गटात १५० मृत्यू, प्लासिबो गटात १४७; म्हणजे या दोन राशींना ॲस्पिरिनने किंचित अपायच केला. उरलेल्या दहा राशींत ६५४ विरुद्ध ८६९, म्हणजे भरघोस फायदा.

वर्गात हसू येते. हसून झाल्यावर मी हिशेब फळ्यावर मांडतो. सोयीसाठी सगळ्या राशी सारख्या आकाराच्या धरू. प्रत्येक राशीत प्लासिबो गटात ८५ आणि ॲस्पिरिन गटात ६७ मृत्यू अपेक्षित. फरक १८, प्रमाण त्रुटी सुमारे १२. म्हणजे ॲस्पिरिन सर्वांना सारखीच लागू पडत असली तरी एखाद्या ठरावीक राशीत निकाल उलटा दिसण्याची संभाव्यता सुमारे साडेसहा टक्के. बारा राशींपैकी निदान एक तरी उलटी निघण्याची संभाव्यता एक वजा ०.९३५ चा बारावा घात, म्हणजे सुमारे ५५ टक्के. उलटी रास न सापडती तरच थोडे नवल होते. (तिकडची रास सूर्यावरून, आपल्या पत्रिकेतील रास चंद्रावरून. आपल्याकडे हाच तक्ता मांडला असता तर खापर कदाचित दुसऱ्याच राशींवर फुटले असते.) हा विनोद नसून इशारा आहे. ‘मिथुन’ऐवजी ‘मधुमेही’ किंवा ‘स्त्रिया’ असे लिहिले असते तर कोणी हसले नसते. त्यावर उपचार बदलले असते.

४४ टक्क्यांचा निबंध

आता वडिलांच्या आकड्याकडे येऊ. तो ‘फिजिशियन्स हेल्थ स्टडी’ या अमेरिकी चाचणीचा. प्राथमिक निकाल जानेवारी १९८८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला, अंतिम निबंध २० जुलै १९८९ च्या अंकात. २२,०७१ डॉक्टर, सर्व पुरुष, वय ४० ते ८४, झटक्याचा पूर्वेतिहास नाही. निम्म्यांना एक दिवसाआड ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन, निम्म्यांना प्लासिबो. सरासरी पाच वर्षांत झटके: ॲस्पिरिन गटात ११,०३७ पैकी १३९, प्लासिबो गटात ११,०३४ पैकी २३९. साधा भागाकार केला तर घट ४२ टक्के येते. वय वगैरेंचा हिशेब धरून निबंधाने ४४ टक्के दिली आहे.

हेच आकडे दुसऱ्या तऱ्हेने लिहू. पाच वर्षांत शंभरातील २.१७ ऐवजी १.२६ जणांना झटका आला. फरक ०.९१ टक्के. म्हणजे एक झटका टाळण्यासाठी सुमारे ११० जणांनी पाच वर्षे गोळी घ्यायची. ‘४४ टक्के’ आणि ‘११० मध्ये एक’ ही एकाच निकालाची दोन रूपे आहेत आणि दोन्ही खरी आहेत. पहिल्याला सापेक्ष घट म्हणतात, दुसरे निरपेक्ष घटीवरून येते. सापेक्ष घट औषधाबद्दल सांगते. निरपेक्ष घट ते औषध घेणाऱ्या माणसांबद्दल सांगते. वर्तमानपत्रापर्यंत नेहमी पहिली पोहोचते.

उरलेले तक्तेही वाचले पाहिजेत. हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणांनी झालेले मृत्यू ८१ विरुद्ध ८३: फरक नाही. पक्षाघात ११९ विरुद्ध ९८: ॲस्पिरिन गटात जास्त, पण हा फरक लक्षणीय ठरला नाही. त्यांपैकी मेंदूतील रक्तस्रावाचे २३ विरुद्ध १२. रक्त चढवण्याइतका रक्तस्राव ४८ विरुद्ध २८. झटक्यातील घट पन्नाशीपुढच्यांतच दिसली. यातील काहीही निबंधाने लपवलेले नाही. लेखकांनी प्रामाणिकपणे सगळे मांडले. वाचणाऱ्यांनी एक आकडा उचलला. आणखी एक योगायोग असा की प्राथमिक निकालाच्याच आठवड्यात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ५,१३९ ब्रिटिश डॉक्टरांवरची अशीच चाचणी छापून आली होती. तीत झटक्यांमध्ये लक्षणीय फरक दिसला नव्हता. ती लहान होती आणि तीत प्लासिबो नव्हता, हे खरे. पण तिचा आकडा सकाळच्या फेरफटक्यापर्यंत कधी पोहोचला नाही.

निबंधावर माझे दोन आक्षेप आहेत. पहिला, चाचणीचा ॲस्पिरिनचा भाग मुदतीपूर्वी थांबवला गेला. थांबवणाऱ्यांची कारणे समजण्यासारखी होती. झटक्यांतील फरक ठसठशीत झाला होता, आणि हे डॉक्टर इतके निरोगी निघाले की मृत्यूंबद्दल निर्णय व्हायला आणखी कित्येक वर्षे लागली असती. तरीही परिणाम असा झाला की ‘गोळीने आयुष्य वाढते का’ हा मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला आणि ‘झटका कमी होतो का’ याचे उत्तर त्याच्या जागी जाऊन बसले.

दुसरा आक्षेप अभियंत्याला लगेच कळेल. इलेक्ट्रॉनिक्समध्ये घटक बाजारात पाठवण्यापूर्वी ते काही तास तापवून चालवतात. कच्चे असतील ते तेव्हाच गळतात. याला बर्न-इन म्हणतात. या चाचणीतही तसेच झाले. ३३,२२३ डॉक्टरांना आधी १८ आठवडे गोळ्या घ्यायला लावल्या. ज्यांना त्रास झाला किंवा ज्यांनी नियमित घेतल्या नाहीत त्यांना वगळून उरलेल्या २२,०७१ जणांची वाटणी झाली. म्हणजे ॲस्पिरिन न सोसणारी पोटे चाचणी सुरू होण्याआधीच बाहेर गेली होती. चाचणीत गळती कमी राहावी म्हणून ही पद्धत योग्यच आहे, पण मग तिच्यातील रक्तस्रावाचा आकडा सर्वसामान्यांसाठी किमान समजावा. बर्न-इन झालेल्या घटकांचा अपयशदर न तापवलेल्या मालाला लावणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण मी कापतो.

आणि स्त्रिया? त्या चाचणीत नव्हत्याच. ३९,८७६ स्त्रियांची स्वतंत्र चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा निकाल जवळपास उलटा होता: पक्षाघात १७ टक्के कमी, झटक्यांत फरक नाही.

पाया वेगळा, इमारत वेगळी

२००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अशा चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण आले. माझ्या मते ॲस्पिरिनबद्दल एकच निबंध वाचायचा असेल तर तो हा. आधी झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांत गंभीर घटनांचे प्रमाण वर्षाला ८.२ टक्क्यांवरून ६.७ टक्क्यांवर आले. म्हणजे हजार जणांनी वर्षभर गोळी घेतली तर १५ जण वाचले. असा कोणताही आजार नसलेल्या सुमारे ९५,००० जणांत ते ०.५७ वरून ०.५१ टक्क्यांवर आले. हजार जणांत ०.६, म्हणजे एक माणूसही पुरा नाही. त्याच निरोगी गटात मेंदूबाहेरील मोठे रक्तस्राव मात्र ०.०७ वरून ०.१० टक्के झाले. सापेक्ष घट दोन्हीकडे फार दूर नाही, एकीकडे सुमारे १९ टक्के, दुसरीकडे १२. फरक पायाचा. झटका येण्याचा धोका मुळातच मोठा असेल तर त्यातून १९ टक्के काढल्यावर हाती बरेच येते. मुळातच लहान असेल तर रक्तस्रावाची किंमत चुकती केल्यावर फारसे उरत नाही.

पाया कालांतराने आणखी खचला. धूम्रपान घटले, रक्तदाबाची औषधे आणि स्टॅटिन आले. २०१८ मध्ये तीन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी ‘ॲस्प्री’ माझ्या वडिलांच्या वयाची होती. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील १९,११४ निरोगी वृद्ध, बहुतेक सत्तरीपुढचे, रोज १०० मिलिग्रॅम किंवा प्लासिबो, मध्यक कालावधी ४.७ वर्षे. या चाचणीने मोजायची मुख्य गोष्ट निवडली ती मला फार शहाणपणाची वाटते: स्मृतिभ्रंश किंवा कायमचे शारीरिक अपंगत्व न येता जगणे. वृद्ध माणसाला हवे असते ते हेच. ट्रोपोनिनचा आकडा त्याला नको असतो. दर हजार व्यक्ती-वर्षांमागे मृत्यू, स्मृतिभ्रंश किंवा अपंगत्व २१.५ विरुद्ध २१.२. फरक नाही. मोठा रक्तस्राव ३.८ टक्के विरुद्ध २.८ टक्के.

एकूण मृत्यू ॲस्पिरिन गटात किंचित जास्त निघाले, १२.७ विरुद्ध ११.१, आणि त्यात कर्करोगाचा वाटा मोठा होता. यावर मथळे झाले. लेखकांनी स्वतः हा निकाल अनपेक्षित असून जपून वाचावा असे म्हटले होते. मिथुन-तूळ आठवा. हा मुख्य प्रश्न नव्हता, आणि ४४ टक्के उचलणे चूक असेल तर हा आकडा उचलणेही चूकच.

‘ॲस्प्री’ची एक मर्यादा मात्र ठळकपणे सांगितली पाहिजे. तिने विचारले की निरोगी वृद्धाने गोळी *सुरू* करावी का. वर्षानुवर्षे घेत असलेल्याने ती *थांबवावी* का, हा वेगळा प्रश्न आहे. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने एप्रिल २०२२ मध्ये साठीपुढे नव्याने सुरू करू नये अशी शिफारस केली, तीही सुरू करण्याबद्दलच. ‘ॲस्पिरिन खोटी ठरली’ असे नंतर म्हटले गेले. खोटे काहीच ठरले नाही. १९८८ ची ‘आयसिस-२’ आजही उभी आहे, कारण तिचा प्रश्न झटका येत असलेल्या माणसाबद्दल होता.

हे सगळे कागदावर मांडून मी वडिलांना दाखवले. ते निवृत्त लेखापाल. आकडे त्यांना घाबरवत नाहीत. शांतपणे वाचून त्यांनी विचारले, “मग ते ४४ होते कोणाचे?” मी म्हटले, “१९८० च्या दशकातल्या अमेरिकी डॉक्टरांचे, अप्पा.” ते आमच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पोटाचे जुने दुखणे विचारले, रक्तदाब पाहिला आणि गोळी थांबवली. निर्णय त्यांचा, आकडे माझे नव्हेत.

तुलना कोणाशी?

दुसऱ्या कुळाबद्दल थोडक्यात. वॉरफरिनचा उगम अमेरिकेतील विस्कॉन्सिनमधला. बुरशी लागलेला गवतचारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत होती, त्या शोधातून हे कुळ निघाले; वॉरफरिन प्रथम उंदीर मारायला वापरले गेले आणि १९५० च्या दशकात माणसांना. हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरतात तेव्हा तेथे साचलेल्या रक्तात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, त्यावर हे औषध चांगले चालते. पण मात्रा नाजूक. वारंवार रक्त तपासून आयएनआर हा निर्देशांक साधारण २ ते ३ मध्ये ठेवावा लागतो.

२००९ ते २०११ या काळात आलेल्या नव्या औषधांच्या चाचण्यांत तुलना वॉरफरिनशी होती. येथे विचारायचा प्रश्न: वॉरफरिन किती नीट दिले गेले? रिव्हारोक्सॅबानच्या १४,२६४ रुग्णांच्या चाचणीत वॉरफरिन गटाचा आयएनआर सरासरी ५५ टक्के वेळच योग्य पट्ट्यात होता. डॅबिगॅट्रानच्या चाचणीत ६४ टक्के. प्रतिस्पर्धी नीट ट्यून न करता आपला नियंत्रक सरस ठरवणारे प्रकल्प अहवाल आपणही पाहतो. पहिल्या चाचणीत आयएनआर मोजायला वापरलेले उपकरणच पुढे सदोष म्हणून परत मागवले गेले, आणि २०१६ मध्ये निकालांची फेरतपासणी करावी लागली. मोजपट्टीचे अंशशोधन हा प्रयोगशाळेतला कंटाळवाणा पहिला धडा का असतो, याचे याहून महाग उदाहरण मला ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट भारतीय वाचकाने पाहावी. या मोठ्या चाचण्यांतून मायट्रल झडप बरीच अरुंद झालेले रुग्ण वगळलेले होते. लहानपणीच्या संधिज्वरातून होणारा हा झडपांचा विकार श्रीमंत देशांत आता कमी दिसतो, आपल्याकडे अजून दिसतो. नवी औषधे सोयीची आहेत, रक्त तपासावे लागत नाही, तेव्हा ती येथेही चालतील असे सर्वांनाच वाटत होते. मग आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील २४ देशांत ‘इन्व्हिक्टस’ ही चाचणी झाली. त्या वेळी दिल्लीच्या एम्समध्ये असलेले गणेशन कार्तिकेयन तिच्या प्रमुख लेखकांत आहेत. संधिज्वराने झडपा बिघडलेले ४,५३१ रुग्ण, सरासरी वय पन्नाशीचे, जवळपास तीन चतुर्थांश स्त्रिया. २०२२ मधील निकाल: पक्षाघात, इतरत्र गेलेली गुठळी, झटका किंवा मृत्यू हे रिव्हारोक्सॅबान गटात २,२७५ पैकी ५६०, वॉरफरिनच्या कुळातील औषधे घेणाऱ्यांत २,२५६ पैकी ४४६. जुने, कटकटीचे, स्वस्त औषध जिंकले. फरक मुख्यतः मृत्यूंमध्ये होता, आणि तो का पडला यावर तज्ज्ञांत अजून चर्चा आहे. चाचणीत कोणते औषध कोणाला हे सर्वांना ठाऊक होते, ही तिची उणीव. पण मृत्यू मोजताना अशा उणिवेचा फटका कमी बसतो. ही चाचणी झाली नसती तर ज्या रुग्णांना मोठ्या चाचण्यांनी दारातच थांबवले होते, त्यांच्यावर त्याच चाचण्यांचा निकाल लागू झाला असता.

स्वाध्याय म्हणून २०१८ ची ‘असेंड’ ही चाचणी घ्या. मधुमेह असलेले पण हृदयविकार नसलेले १५,४८० जण, प्रत्येक गटात ७,७४०, कालावधी सरासरी ७.४ वर्षे. गंभीर घटना ॲस्पिरिन गटात ६५८, प्लासिबो गटात ७४३. मोठे रक्तस्राव ३१४ आणि २४५. दोन्हींची सापेक्ष व निरपेक्ष तफावत काढा, ९५ टक्के विश्वास अंतराल काढा, आणि किती जणांमागे एक फायदा व किती जणांमागे एक अपाय हे शेजारी शेजारी लिहा. त्यानंतर भारतातील चाचण्यांची नोंदवही, सीटीआरआय, उघडा. २००७ पासून ती सर्वांना विनामूल्य खुली आहे. तिच्यात ॲस्पिरिनची एक चाचणी शोधा आणि कोणाला घेतले, कोणाला वगळले, तुलना कशाशी आणि मुख्य मोजणी कशाची, या चार रकान्यांत काय भरले आहे ते निकाल पाहण्याआधी वहीत उतरवून आणा.